सहा आट्यांचं पाणी

अप्पा, तुमच्या मातीला मी उशिरा पोचले. बीडहून निघालेली एसटी वडवणीच्या अलीकडे बंद पडली, मागून आलेल्या गाडीत उभं राहून यावं लागलं आणि मी गावात उतरले तेव्हा लोक परत निघाले होते. तुमच्यात बसवून पुरतात हे ऐकून माहीत होतं. पाहायचं राहिलं. पाणीपुरवठ्याच्या पंपावरचे रशीदभाई वाटेत भेटले, त्यांच्या चपलांना ओली माती लागलेली होती. म्हणाले, "म्याडम, तुमच्यासाठी थांबलो असतो, पण ऊन लई झालतं." मी म्हणाले, बरोबर आहे. मग आम्ही दोघं टपरीवर चहा प्यायलो आणि त्यांनी पैसे देऊ दिले नाहीत.

मी रडले नाही. आपली ओळख सात-आठ महिन्यांची, त्यातले शेवटचे दोन महिने आपण कामापुरतंही धड बोलत नव्हतो. तुम्ही गावाचं पाणी सोडणारे वॉलमन आणि मी त्याच पाण्याचं संगणकात मॉडेल बांधायला आलेली बाहेरगावची इंजिनिअर, एवढंच नातं. पण दोन महिने जे बोलायचं टाळलं ते आता एकटीनंच बोलावं लागतंय, म्हणून हे लिहिते आहे.

पहिल्या दिवशी मी तुम्हाला ऑफिसातला नकाशा दाखवला होता, आठवतं? घडीवर फाटलेला, चहाचे डाग पडलेला. तुम्ही तो उलटा धरून पाहिलात, सुलटा धरून पाहिलात आणि म्हणालात, "ह्यो दुसऱ्या गावाचा असंल." मग व्हॉल्व्ह फिरवायची लांब चावी खांद्यावर टाकून तुम्ही पुढे आणि टॅब घेऊन मी मागे, असं आपण अकरा दिवस गाव फिरलो. तुम्ही रस्त्यात थांबायचा, टाच आपटायचा. "हितं टी हाय, दोन फाटे फुटत्यात. हितून पाईप वाकतो. हितं वॉल, पण झाकणावर त्या हॉटेलवाल्यानं पायरी बांधली." मी प्रत्येक ठिकाणी टॅबवर एक ठिपका द्यायची. व्हॉल्व्ह फिरवताना तुम्ही मोठ्यानं आटे मोजायचा, कोणता व्हॉल्व्ह किती आट्यांनी उघडतो हे तुम्हाला तोंडपाठ होतं. एकेचाळीस व्हॉल्व्ह तुम्ही मला दाखवलेत. मी यादी केली, तुमची सही घेतली.

मॉडेल म्हणजे काय, हे तुम्हाला समजावण्यात माझी एक अख्खी दुपार गेली होती. टाकी किती उंच, पाईप किती जाड, घर किती चढावर, हे सगळं आत भरायचं, मग कुठल्या नळाला किती जोरात पाणी येईल हे यंत्र सांगतं. त्यावरून नवा पाईप कुठं टाकायचा ते ठरतं. तुम्ही ऐकून घेतलंत. पहिल्यांदा मी ते चालवून दाखवलं तेव्हा पडद्यावर सगळं गाव निळं झालं, म्हणजे घरोघर चोवीस तास पाणी. आपल्या गावाला पाणी आठव्या दिवशी. तुम्ही चष्मा वर करून पाहिलंत आणि म्हणालात, "ताई, तुमच्या ह्या गावात लई सुख हाय. एखादी खोली बघा की भाड्यानं."

मी हसले खरी, पण मनात राग आला होता. चूक माझी होती आणि ती तुम्हीच दाखवून दिलीत. दिवाळी होऊन गेली होती. मी चढावरच्या, वरच्या वस्तीतल्या नळांचं माप घेतलं, माणसांचा हिशेब लावला आणि वर पाणी पुरून उरतं असा निष्कर्ष काढून मोकळी झाले. तुम्ही मला पुन्हा वर नेलंत. एकेका दाराला कुलूप. अंगणात कोंबडी नाही, दोरीवर कपडा नाही. "सगळे ऊसतोडीला गेलेत. पाडव्यापतुर येतील. तवा मोजा." शिकलेल्या माणसाला कुलपं दिसत नाहीत का, असं तुम्ही म्हणाला नाहीत. मी मात्र स्वतःला म्हणाले. पाडव्यानंतर पुन्हा मोजलं आणि आकडे पार बदलले. आता कुठंही नव्या गावाला गेले की आधी कुलपं बघेन, आणि ते तुमच्यामुळे.

मग पेठेचं प्रकरण सुरू झालं.

पेठ खाली, टाकीपासून जवळ, सखल. तिथं पाणी जोरात यायला हवं. मॉडेल तेच सांगत होतं. पण मी नळांना जोर मोजायचं गेज लावून पाहिलं तर जोर निम्मासुद्धा नाही. वरच्या वस्तीवर मात्र मॉडेल जेवढं म्हणतं त्याहून बरं पाणी. आमच्या धंद्यात अशा वेळी एक रीत आहे. जुना लोखंडी पाईप आतून गंजतो, खडबडीत होतो, पाण्याला अडवतो. किती खडबडीत, हे कुणी आत जाऊन पाहिलेलं नसतं, म्हणून तो आकडा आमच्या हातात राहतो. मी तो वाढवत गेले. मॉडेल आणि गेज जुळेपर्यंत वाढवला. शेवटी पेठेतला पाईप संगणकात असा झाला की त्यातून उंदीरही गेला नसता. पण जुळलं. त्या संध्याकाळी मी ऑफिसात पेढे आणले होते.

तुम्ही पेढा खाल्लात, हात पुसलात आणि विचारलंत, "मग आता काय करायचं म्हणतंय तुमचं यंत्र?"

मी सांगितलं, पेठेतला पाईप सडलाय, तो काढून टाकीपासून थेट नवा मोठा पाईप टाकायचा.

"पाईप चांगला हाय, ताई."

"कशावरून?"

"चांगला हाय. कावून बदलायलेत? त्यो बदलला की वर पाणी चढायचं न्हाई."

मी पुन्हा विचारलं, कशावरून. तुम्ही पुन्हा तेच. आठवडाभर हेच चाललं. मी आकडे दाखवायची, तुम्ही "पाईप चांगला हाय" म्हणायचा. पेठेतले व्यापारी खूश होते, माझे साहेब खूश होते, अहवाल लिहायला घ्यायची वेळ आली होती आणि एक वॉलमन कारण न देता आडवा पडला होता. मग ऑफिसात कुणीतरी सहज म्हणालं की अप्पांची बहीण वरच्या वस्तीत दिलेली आहे. माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. तो कसला उजेड होता, ते आता कळतं.

दुसऱ्या दिवशी टाकीच्या आवारात, रशीदभाईंच्या देखत, मी म्हणाले, "तुमची बहीण वर राहते ना, अप्पा? मग सरळ तसं सांगा ना."

तुमच्या हातात चहाचा कप होता. तो तुम्ही कठड्यावर ठेवलात.

"व्हय," म्हणालात. "राहती."

आणि चावी घेऊन निघून गेलात. त्या दिवसापासून मी 'ताई'ची 'मॅडम' झाले. तुम्ही कामात कसूर केली नाहीत, सांगेन तिथं आलात, झाकणं उघडून दिलीत. फक्त टाच आपटणं बंद झालं. मी वाट पाहत होते की तुम्ही चिडाल, शिव्या द्याल, वर तक्रार कराल. तसलं काही झालं असतं तर मी माफीही मागितली असती, बहुतेक. तुम्ही गप्प राहिलात म्हणून मीही ताठ राहिले. हा माझा स्वभाव आहे, त्याचं समर्थन करत नाही. दोन महिन्यांनी एका सकाळी रशीदभाईंचा फोन आला की तुमच्या छातीत दुखलं आणि बीडला नेताना वाटेतच संपलं.

मातीनंतर तिसऱ्या दिवशी मी तुमच्या घरी गेले. घर पेठेच्या टोकाला आहे हे मला नकाशावर माहीत होतं, पायानं मी तिथं कधी आले नव्हते. नेमकी पाण्याची पाळी होती. घरात माणसं भरलेली, आणि मागच्या दारी तुमच्या सूनबाई नळाखाली घागर लावून बसलेल्या. करंगळीएवढी धार. मी तिथंच उभी राहिले. त्या म्हणाल्या, "आमच्याकडं असंच येतं, मॅडम. मामंजींना म्हणलं की म्हणायचे, पुरतंय की." सगळ्या गावाचं पाणी ज्याच्या हातात, त्याच्या घरी अशी धार. ही गोष्ट मी आठ महिन्यांत एकदाही विचारात घेतली नव्हती.

तुमची बहीण माजघरात भिंतीला टेकून बसली होती. गंगाक्का. चालताना एक पाय ओढतात. मी कोण ते कळल्यावर त्यांनी मला जवळ बसवलं आणि तुमच्याबद्दल बोलत राहिल्या, अशा घरात बोलतात तसंच, मध्येच रडत, मध्येच कुणाला चहा दिला का विचारत. त्यातच पायाचं निघालं.

"पहिलं वर पाणीच चढायचं न्हाई. खालून हंडा घेऊन चढायचं. एकदा हंड्यासकट पडले, खुबाच गेला बघा. दवाखान्यात अप्पा माझ्यापाशी बसून राहिला. मग मी घरी आले, अन् महिन्याभरात वर नळाला पाणी यायला लागलं. आमी म्हणलं देव पावला."

"तेव्हा नवा पाईप टाकला होता का?"

"कशाचा पाईप! काय बी न्हाई. आपसूक यायला लागलं."

आपसूक पाणी चढ चढत नाही, अप्पा, एवढं तरी मला शिकवलेलं आहे. मी तिथून उठले ती सरळ ऑफिसात. साहेबांना म्हणाले, अहवालावर सही करण्याआधी मला पेठेतला पाईप कापून आतून बघायचाय. ते म्हणाले, मॉडेल जुळलंय ना, मग आता हे काय? मी म्हणाले, जुळलंय म्हणूनच. त्यांनी कपाळाला हात लावला, पण परवानगी दिली.

रशीदभाईंनी दोन मजूर आणले. पेठेत खड्डा घेतला, हातभर तुकडा कापून काढला. मी तो उन्हात धरून आत पाहिलं. थोडा तांबूस थर होता, बोटानं निघेल असा. बाकी पाईप साफ. जाडी शाबूत, भोक पूर्ण. मी तो मांडीवर घेऊन रस्त्याच्या कडेला बसले आणि तुमचे शब्द कानात यायला लागले. तुम्ही मला एकही खोटी गोष्ट सांगितली नव्हती. पाईप चांगला होता.

मग जोर जात कुठं होता? आम्ही टाकीकडे उलटे चालत गेलो. जिथं पेठेचा फाटा मुख्य पाइपापासून सुटतो, तिथं रस्त्यावर डांबराची जुनी जाड साय. रशीदभाईंनी पहारीनं ठोकून पाहिलं, आवाज पोकळ आला. डांबर उकरलं, खाली झाकण, झाकणाखाली व्हॉल्व्ह. बेचाळिसावा. माझ्या यादीत नसलेला, तुमची सही असलेल्या यादीत नसलेला.

रशीदभाईंनी चावी घातली आणि बंद करत मोजलं. सहा आट्यांत तो पूर्ण बंद झाला. मग उघडत गेले तर चोवीस आटे. म्हणजे इतकी वर्षं तो चोवीसातले सहा आटे उघडा होता. पेठेचं पाणी तुम्ही तिथं आवळून धरलं होतं, म्हणून उरलेलं वर चढत होतं. आणि मी एका व्हॉल्व्हचा अडथळा सगळ्या पाइपाच्या अंगावर गंज म्हणून चोपडला होता.

खरं सांगते, कापलेला पाईप जोडून झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवायला मीच सांगितलं. मला माप घ्यायचं होतं. त्या पाळीला पेठेत नळ फुटल्यासारखं पाणी आलं, दुकानदारांनी ओटे धुतले, गाड्या धुतल्या. वर एक थेंब चढला नाही. गंगाक्कांचा फोन आला, "मॅडम, अप्पा गेला अन् पाणी बी गेलं की ओ." त्या सहज बोलल्या. त्यांना काहीच माहीत नव्हतं. मी फोन ठेवला आणि रशीदभाईंना म्हणाले, सहावर आणा. त्यांनी आणला. तासाभरानं वरून निरोप आला की नळ वाहायला लागले. पेठेत आरडाओरडा झाला की जोर परत कमी कसा, तर रशीदभाई गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "पाईप कापलाता न्हवं, हवा धरली असंल." लोकांना पटलं.

त्या रात्री मी मॉडेलमध्ये पाईप पुन्हा गुळगुळीत केला, फाट्यावर तो व्हॉल्व्ह टाकला आणि त्याला सहा आटे दिले. एकदाच चालवलं. पेठ जुळली, वस्ती जुळली, तोपर्यंत ज्या चार-पाच जागा मला छळत होत्या त्याही जुळल्या. काही वाढवावं लागलं नाही, काही घटवावं लागलं नाही. आनंद झाला. कुणाला तरी सांगावं वाटलं आणि सांगण्यासारखा माणूस एकच होता. तेव्हा मात्र मी रडले, अप्पा. लॉजच्या खोलीत, शेजारच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून पंखा लावून.

मला तुमच्याशी अजून भांडायचंय. मी कारण विचारत होते तेव्हा तुम्ही हा व्हॉल्व्ह का दाखवला नाहीत? मी रशीदभाईंना हेच विचारलं. त्यांना ठाऊक होतं असं ते म्हणाले नाहीत, नव्हतं असंही म्हणाले नाहीत. एवढंच म्हणाले, "दाखवला असता तर तुमी नकाशावर घेतला असता. नकाशावर आला की पेठंत कळला. पेठंत कळला की दुसऱ्या दिवशी उघडून घेतला असता. अन् पेठंत समदे त्याचेच भाऊबंद. कुणाकुणाला न्हाई म्हणला असता?" मला हे मान्य आहे. तरी वाटतं, मला विश्वासात घ्यायला हवं होतं. मग आठवतं की मी त्या दिवशी आवारात काय बोलले, आणि हा मुद्दा मी सोडून देते.

बहिणीचं मी जे म्हणाले ते खोटं नव्हतं, हेच जास्त टोचतं. तुम्ही ते बहिणीसाठीच केलंत. तिचा पाय मोडला नसता तर कदाचित केलंही नसतं. पण पाणी एकट्या बहिणीच्या नळाला थोडंच जातं, ते सगळ्या वस्तीला गेलं. आणि त्याची भरपाई तुमच्या स्वतःच्या घरानं केली, करंगळीएवढ्या धारेनं. मी खरी गोष्ट शिवीसारखी तुमच्या तोंडावर फेकली आणि तुम्ही ती खरी आहे म्हणून कबूल केलीत. "व्हय. राहती." तुमच्या जागी मी असते तर इतकी सरळ उभी राहिले नसते.

आता माझ्यापुढं जे आहे ते ऐका. खड्डा बुजवलाय. बेचाळिसावा व्हॉल्व्ह रशीदभाईंना आणि मला माहीत आहे; मजुरांना तो इतरांसारखाच एक वाटला. मी तो नकाशावर घेतला नाही तर सगळं होतं तसं चालेल. रशीदभाईंचं तेच म्हणणं आहे. "झाका, म्याडम. अप्पानं झाकलंता, तुमी बी झाका." पण रशीदभाई दोन वर्षांत निवृत्त होतील. पुढचा वॉलमन कधीतरी तो शोधेल आणि चांगलं काम करतोय असं समजून पूर्ण उघडेल, मी उघडला तसाच. किंवा दुसरी एखादी बाई मॉडेल घेऊन येईल, पाईप सडलाय म्हणेल, आणि तिला अडवायला तुम्ही नसाल.

म्हणून मी तो घेतलाय. अहवालात पेठेचा नवा पाईप खोडलाय. टाकीपासून वरच्या वस्तीला स्वतंत्र पाईप सुचवलाय, आणि तो होईपर्यंत फाट्यावरचा व्हॉल्व्ह सहा आट्यांच्या वर उघडू नये, असं पहिल्याच पानावर साध्या मराठीत कारणासकट लिहिलंय. तुमचं नाव घातलेलं नाही. उद्या तो जमा होईल. पेठ तो वाचेल, हेही मला माहीत आहे. ते लोक काय करू शकतात हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त ओळखता. नवा पाईप मंजूर व्हायला किती वर्षं लागतील सांगता येत नाही, आणि व्हॉल्व्ह उघडायला पाच मिनिटं पुरतात.

तुम्ही गप्प राहून वस्तीला पाणी दिलंत. मी लिहून ते टिकवायला निघालेय. जमलं नाही तर गंगाक्का पुन्हा खाली हंडा घेऊन येतील, ओढत्या पायानं. तुमची माफी मागायची राहिली होती, ती मागते. पण एका चुकीची माफी मागता मागता मी त्याहून मोठी दुसरी करतेय का, हे मला कळत नाही, अप्पा, आणि ते सांगू शकणारा माणूस गावानं पुरलाय.